विचारूसरांचा पहिला धडा

माणसाला टोपणनाव मिळतं ते त्याच्या खोडीवरून. विचारूसरांची खोड म्हणजे विचारणं. माणूस जिम्नॅस्टिक्स शिकवणारा, दिवसभर कुणाचा गुडघा सरळ कर, कुणाची कंबर सावर हेच काम, पण "हात लावू का?" असं विचारल्याशिवाय त्यांचा हात पुढे म्हणून यायचा नाही. कोलांटीला आधार द्यायचा असेल तर आधीच विचारून ठेवायचे, हवेत कुठे विचारत बसणार! पोर नाही म्हणालं, की स्वतः गादीवर आडवे होऊन करून दाखवायचे. त्यांचं पोट बघता तो देखावा चुकवण्यासारखा नसे, म्हणून काही वात्रट पोरं मुद्दाम नाही म्हणायची.

पोरांचे सरावाचे कपडे सरांची बायको शिवायची. मापं घ्यायला ती हॉलवर यायची आणि सगळ्यांदेखत म्हणायची, "जगाला विचारत सुटता, मग माझ्या ताटातला शेवटचा घास उचलताना वाचा कुठे जाते हो?" सर हसायचे. घास तोवर पोटात गेलेला असे.

हॉल म्हणजे पूर्वीचं गोदाम. ठिगळं लावलेल्या गाद्या, तोल सांभाळत चालायचा एक उंच बीम, हाताला लावायच्या पांढऱ्या भुकटीचा सगळीकडे थर. मागे एक छोटी खोली होती. सरांनी आल्याआल्या पहिलं काम काय केलं, तर त्या खोलीचं दार बिजागऱ्यांवरून उतरवलं आणि विटांवर आडवं टाकून आईबापांना बसायला बाक केला. "पोर आणि मोठं माणूस दोघंच असतील, त्या खोलीला दार हवंय कशाला?" असं त्यांचं म्हणणं.

आणि पहिला धडा कोलांटीचा नव्हेच. पहिला धडा 'नाही'चा. नवं पोर गादीवर उभं राहायचं आणि पोटातून ओरडायचं, "नाही!" ते ऐकलं की हॉलमधल्या सगळ्यांनी हातातलं काम थांबवायचं आणि प्रत्येक मोठ्या माणसाने मागे सरकायचं, सर सगळ्यांत आधी. एका आईने कपाळावर हात मारून घेतला होता: "अहो सर, आमचा घरी काय कमी नाही म्हणतो? त्यात तुमची शिकवणी!"

हे वेड उगीच नव्हतं. सर लहान असताना त्यांचे शिक्षक पोरांच्या मांड्यांवर उभे राहून पाय ताणायचे, रडलं तर अजून दाबायचे. त्यांच्यातला सर्वांत चपळ मुलगा एक दिवस यायचाच बंद झाला. त्याला त्या शिक्षकांनी बंद खोलीत काय सोसायला लावलं होतं, हे सरांना कळलं तेव्हा दोघांचेही केस पिकायला लागले होते. सरांना त्याचं अजून वाईट वाटतं.

तर या हॉलमध्ये एका बसचालक बाईंची मुलगी आली. तिचं पहिलं 'नाही' भिंतीवरच्या पालीलाही ऐकू गेलं नसतं. पोरांनी लगेच नाव ठेवलं, कुजबुज. सर कानामागे हात धरून रोज म्हणायचे, "ऐकू नाही आलं, बाळा." तिचा आवाज काही वाढेना. पण बीमवर चढली की बघत राहावं! वीतभरही रुंद नसलेल्या त्या पट्टीवर ती घरच्या ओसरीत फिरावं तशी फिरायची.

तिला पाहायला मोठ्या संघाची निवड करणारे साहेब आले, तेव्हा सर इस्त्रीचा सदरा घालून सकाळपासून येरझाऱ्या घालत होते. त्यांच्या हॉलमधलं एकही पोर आजवर त्या संघात गेलं नव्हतं. कुजबुजने बीमवर सगळं बिनचूक केलं. साहेब तिच्याजवळ जाऊन उभे राहिले आणि सरांना म्हणाले, "दम आहे हिच्यात. संध्याकाळी माझ्या हॉटेलवर पाठवा, पाठ आणि खांदे नीट तपासतो. एकटीलाच पाठवा. आईबाप असले की मुली बुजतात. निवड झालीच म्हणून समजा."

निवड हा शब्द कानात शिरला आणि बाकीचं सगळं बाहेरच राहिलं. जन्मभर विचारत आलेला माणूस नेमका तिथे विचारायला विसरला.

"जा हो बाळा," सर म्हणाले. "नशीब काढलंस!"

कुजबुज सरांकडे बघत होती. ओठ हलले.

"अगं, लाजतेस काय? साहेब आहेत ते!"

"नाही!"

पत्रे दणाणले. "एकटी नाही! नाही!"

विचारूसरांचे पाय मागे सरकले. डोक्यात उजेड पडायच्या आधी पाय सरकले, इतकी ती सवय मुरलेली. बाकावरच्या आया उठून मागे गेल्या, सरांची बायको गळ्यात टेप तशीच घेऊन मागे गेली, पोरं जिथल्या तिथे थांबली. मुलीजवळ एकच मोठा माणूस उभा राहिला होता, आणि तो कोण, हे सगळ्यांना दिसलं.

मघाशी बाहेर राहिलेलं सगळं आता सरांच्या कानात शिरलं. ते म्हणाले, "साहेब, आमच्यात नाही म्हटलं की मागे सरकतात."

"मग हिची निवड विसरा!"

"विसरलो. मागे सरका."

"आतलं दार आम्ही बसायला घेतलंय," सरांची बायको म्हणाली, "बाहेरचं उघडंच आहे. या."

साहेब गेले. सर गादीवर मांडी घालून कुजबुजसमोर बसले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मी तुला विचारलं नाही. चुकलो." ती म्हणाली, "हो, चुकलात." पुन्हा आपली कुजबुजतच. सगळे हसले, सरांच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं.

तिची आई बस आगारात लावून आली, तशी सर तिला घेऊन संघाच्या निवड समितीच्या कचेरीत गेले. तिथे आधी उडवाउडवी झाली. दोघं हटली नाहीत, मग दुसऱ्या हॉलमधल्या मुलीही बोलायला लागल्या आणि साहेबांना घरी बसवलं गेलं. नव्याने निवड झाली ती याच गोदामात, दिवसाउजेडी. तपासायला दोन बायका आल्या आणि आडव्या दारावर बसायला आयांची रेटारेटी झाली. कुजबुज संघात गेली.

नाव पुकारलं तेव्हा सर पोट सावरत धावले आणि तिच्यापुढे येऊन थांबले. "पाठ थोपटू का?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. गालात हसली, छाती भरून श्वास घेतला.

"नाही!"

सरांनी कानामागे हात नेला नाही. ते मागे सरकले, आणि इतक्या आनंदाने मागे सरकणारा माणूस त्या हॉलमध्ये कुणी पाहिला नव्हता.