मागून घेतलेला उपास

ठाण्याच्या मिशन कंपाउंडात सुमतीबाई पाटोळे यांचा प्रवेश आधी आवाजाने व्हायचा आणि मग देहाने. दोन्ही भरघोस. नवरा गेल्यावर त्या मिशनच्या दवाखान्यात कामाला लागल्या. पन्नास-एक्कावन्न सालच्या सुमारास दवाखान्याची मंडळी औषधं घेऊन खाडीकाठच्या गावांना जाऊ लागली, तेव्हा बाईही बरोबर निघाल्या. डॉक्टरीणबाई पोरं तपासत आणि सुमतीबाई पोरांच्या आयांजवळ बसत. त्या कामाला नाव नव्हतं. कोणाची चूल पेटवून द्यायची, कोणाचे केस विंचरायचे, कोणी रडत असेल तर नुसतं जवळ बसायचं. बाईंच्या पिशवीत बायबलाला खेटून चिक्कीचा पुडा असे. भूक त्यांना मुळी सोसायचीच नाही. चर्चमधल्या शुक्रवारच्या उपासाला त्यांचं अर्धं लक्ष नंतरच्या शिऱ्याकडे असायचं, आणि हे त्या स्वतःच हसत सांगायच्या.

डोंबिवलीहून बैलगाडीने खाडीकडे गेलं की मिठागरांच्या कडेला आगऱ्यांची एक वस्ती लागे. तिथल्या शेवंतीचं तान्हं पोर हगवणीने आणि तापाने मलूल झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं. शेवंतीच्या डोळ्यांचं पाणी काही थांबेना. तिला धीर द्यावा म्हणून सुमतीबाई बोलून गेल्या, "अगं, आम्हीसुद्धा संकटात उपास करतो, प्रार्थना करतो. देव ऐकतो."

पुढच्या फेरीला गेल्या तेव्हा पोर तसंच होतं, पण आता आईसुद्धा भिंतीला टेकून बसली होती. ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले. मधे ताप चढला तसं तिने अन्न सोडलं होतं. बाळाचा ताप उतरेपर्यंत घास घ्यायचा नाही, असं गावदेवीला बोलली होती.

डॉक्टरीणबाई बाहेर येऊन हळूच म्हणाल्या, "दूध आटलंय हिचं. ही जेवली नाही तर माझ्या औषधाने काही व्हायचं नाही."

सुमतीबाईंनी शेवंतीला खूप समजावलं. तिची सासू ठमाबाई उंबऱ्यात बसून ऐकत होती. ती शेवटी म्हणाली, "तुमीच तं सांगलंव बाय, उपास केल्यावं देव आयकतो."

सुमतीबाई उठून उंबऱ्यात तिच्याजवळ जाऊन बसल्या. मग त्यांनी विचारलं, "आजी, बोललेला उपास दुसऱ्या कोणी घेतला तर चालतो का तुमच्यात?"

"चालतो की. पन बहीन लागते सख्खी. हिला बहीन नाय."

"मग मी बहीण."

"किरिस्ताव बहीन?" ठमाबाईने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आनि तुमच्यान उपास व्हईल?"

सोबत आलेले चर्चचे पाळकसाहेब अस्वस्थ झाले. "सुमतीबाई, देवीला बोललेला उपास तुम्ही करणार?"

"देवीला नाही. मी येशूपुढे करीन, आणि तसं यांना तोंडावर सांगीन. पण साहेब, या पोरीने माझ्या शब्दावर ताट सरकवलंय. ते परत तिच्यापुढे कोणी ठेवायचं?"

बाईंनी खरंच सगळं सांगितलं. "उपाशी पोट उपाशीच. देवी काय जात इचारते?" म्हणत ठमाबाई चुलीकडे वळली. गाडी परत निघाली तेव्हा पाळकसाहेबांनी आपली घोंगडी वस्तीवरच राहिलेल्या बाईंच्या हातात दिली.

शेवंतीपुढे पेज आली. ती खाईना. "तुमी उपाशी, अन मी जेवू?"

"जेव गं. तुला बघूनच माझं पोट भरतं."

तेवढ्यात ते पोट असं मोठ्याने गुरगुरलं की ठमाबाई म्हणाली, "आयकला आमी!" शेवंती हसली आणि हसता हसता तिने वाटी तोंडाला लावली.

दुसऱ्या दिवशी शेजारी सुकट भाजल्याचा वास आला आणि सुमतीबाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. शुक्रवारचा उपास कधी सुटणार ते ठाऊक असायचं. हा त्या इवल्याशा अंगातल्या तापावर टांगलेला. पोर गेलं तर? 'देव ऐकतो' हे किती सहज बोललो आपण! त्यांनी मोठ्याने प्रार्थना करणं सोडलं. शेवंतीला वेळेवर पेज, बाळाला औषध, आणि मधल्या वेळात पोराच्या तळपायावर हात ठेवून बसणं. देवाला सांगण्यासारखं त्यांच्याकडे आता एवढंच उरलं होतं.

त्याच्या पुढच्या दिवशी उन्हं चढल्यावर शेवंती एकदम ओरडली. सगळ्या धावल्या. "चावला मना!" ती रडत म्हणाली. पोर घामाने भिजलं होतं, अंग गार लागत होतं, आणि नुकत्याच फुटलेल्या एका दातासकट ते आईचं दूध जोराने ओढत होतं.

ठमाबाईने तांदळाची भाकरी आणि खाडीच्या माशाचं कालवण सुमतीबाईंपुढे ठेवलं. बाईंनी हात जोडून डोळे मिटले. आभार मानायला शब्द काही जमेनात, नुसतेच ओठ हलत राहिले.

"झोपली काय ही?" ठमाबाईने सुनेला विचारलं.

"देवाला सांगतंय ती."

"मंग बेगीन सांग म्हनावं," ठमाबाई म्हणाली, "मासली थंड व्हतंय."