योलेइदाच्या हाताला बसेल असा माऊस

योलेइदाच्या हाताला बसेल असा माऊस शोधणं म्हणजे काय, ते मला विचारा. अख्खं माराकाइबो शहर मी त्या बाईच्या मागे पालथं घातलंय, तेही असल्या उन्हात, की रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा सावली सोडायला मागत नाही.

ती माझी कोमाद्रे. तिच्या पोराला, जोआंद्रीला, बाप्तिस्म्याच्या वेळी मी मांडीवर धरलं, तेव्हापासून मी त्याची माद्रिना, म्हणजे धर्माची आई, आणि आम्ही दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. सख्ख्या बहिणी परवडल्या, त्या अधूनमधून अबोला तरी धरतात. ही भिंतीला भिंत लागून राहते, भांडून जाणार कुठे?

पूर्वी ती शाळेत भूगोल शिकवायची. पुढे पगारात अंडीसुद्धा येईनात, तेव्हा शाळा सोडून ड्रॅगन मारायला बसली. हसू नका. आमच्या गल्लीतली निम्मी घरं ड्रॅगनवरच जेवतात. संगणकावरचा एक जुनाट खेळ आहे. आपला बाहुला घेऊन रानात जायचं, हिरवे ड्रॅगन मारायचे, त्यांची हाडं नि कातडी विकून खेळातलं सोनं साठवायचं. ते सोनं परदेशातली आळशी पोरं खऱ्या पैशानं विकत घेतात. माझाही एक बाहुला आहे, माझ्याच नावाचा. माझा नवरा नेरियो म्हणतो, "आमच्या पायाखाली तेल, डोक्यावर ड्रॅगन, आणि मधल्यामध्ये आम्ही उपाशी." दुसरं काही करत नाही, नुसता बोलतो.

योलेइदाचा बाहुला मुळात जोआंद्रीचा. पोरानं शाळेत असल्यापासून तो वाढवलेला. असा दणकट बाहुला उभा करायला वर्षं जातात, नवखा तर रानाच्या वेशीवरच जळून खाक होतो. मग एक दिवस जोआंद्रीही निघाला, सगळ्यांची पोरं निघाली तसाच, पाठीवर पिशवी टाकून, चिलीकडे. जाताना म्हणाला, "आई, बाहुला सांभाळ, तो तुला सांभाळेल." पेरू देशापर्यंत त्याचे निरोप येत होते. मग येईनासे झाले.

त्याचा फोन लावला की बंद. त्यातच हिचा फोन बसमध्ये कुणीतरी मारला, नंबर बदलला. आणि नंबर पाठ कुणाला असतात हो आजकाल? मला माझाच पाठ नाही. पोराचा फोन वाटेत गेला असेल, तर त्यानं आईला गाठायचं तरी कसं? मनात येऊ नये ते यायचं. जंगल यायचं, नदी यायची. मी जिभेवर येऊ दिलं नाही.

योलेइदानं मात्र एक गोष्ट डोक्यात पक्की धरली. "मायगुआ," मला म्हणाली, "त्याला पाठ काय आहे सांग? तो खेळ. ते रान. ते ड्रॅगन. कुणाच्या तरी बाहुल्यात बसून येईल नि मला हाक मारेल. मी तिथे नसले तर?"

"अगं, पण झोपशील की नाही?"

"झोप कुणाला हवीय?"

त्या खेळात बाहुला थोडा वेळ जरी नुसता उभा राहिला तरी बाहेर फेकला जातो. म्हणून बाई दिवसभर टकटक टकटक. लाईट गेली की नाइलाज, पण ती आली रे आली की ही हजर. रविवारी तर आमच्याकडे लाईट सहसा जात नाही, त्या दिवशी जेवायलाही उठायची नाही. घास भरवायला मी.

आणि मग तिचा हात गेला. आधी मुंग्या आल्या, मग अंगठा बधिर झाला, मग कॉफीचा कप हातातून सुटून फुटला आणि तिला तो फुटल्याचा आवाज आला तेव्हा कळलं. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "मनगटाची नस दबलीय. हाताला आराम द्या." ही त्याला म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही श्वासाला आराम द्या, मग मी हाताला देते."

पाठही धरायला लागली, तेव्हा तिनं झोपाळ्यात, म्हणजे आमच्या विणलेल्या चिंचोर्‍यात, आडवं होऊन खेळायचं ठरवलं. समोर खोक्यावर पडदा, पोटावर लाकडी फळी, फळीवर माऊस. पण वायर अडकायची, ओढ बसायची, आणि त्या एवढ्याशा ओढीनं सुद्धा तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग सुरू झालं: बिनवायरचा हवा, खेळाला पुरेल असा चपळ हवा, आणि हाताला दुखता कामा नये.

बाजारात एदिक्सो नावाचा एक माऊसवाला आहे. तोंडाळ, पण वाईट नाही. त्यानं आधी एक चपटा, छोटा काढला.

"हा माऊस आहे की झुरळ?" मी म्हटलं. "बोटं ठेवायची कुठे तिनं?"

"सेन्योरा, हात तुमचा आहे का त्यांचा?"

"हात तिचा, तोंड माझं. दुसरा दाखव."

दुसरा निघाला भला थोरला, लाल-निळे दिवे लागलेला, अंगठ्यापाशी बटणंच बटणं. योलेइदानं तो उचलून परत ठेवला. "मला ड्रॅगन मारायचेत, बाबा, विमान उडवायचं नाही." तिसऱ्याला रबराचं अस्तर होतं. हाताला मऊ लागला, पण आमच्या उकाड्यात दुकानातच चिकट झालेला, गुळाच्या ढेपेला हात लावल्यासारखा. चौथा उभा होता, पकडला की कुणाशी हात मिळवल्यासारखं वाटायचं. योलेइदाचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला. घरी आणला, तर नेम लागेना. ड्रॅगन एकीकडे, टिचकी दुसरीकडे. बाहुला मरता मरता वाचला, आणि ही पांढरीफटक. दुसऱ्या दिवशी परत केला. पाचवा स्वस्तातला, तो टिचकी मारली की विचार करून मग हलायचा. नेरियो म्हणाला, "सरकारी दिसतोय."

असे किती झाले, मोजले नाहीत. एदिक्सो आम्हाला लांबून बघूनच शटर ओढायचं नाटक करायचा. एकदा त्यानं थट्टेत म्हटलं, "बाईसाहेब, तुमच्या हाताला नवरा मिळेल, माऊस मिळायचा नाही." आणि योलेइदा भर बाजारात, केळी विकणाऱ्या बायकांच्या मधोमध, मटकन खाली बसली. रडली अशी की आवाजच नाही. नुसते खांदे हलताहेत.

"मला सुख नकोय गं," ती म्हणाली. "बोटं हलली पाहिजेत, बस. माझी बोटं थांबली की मी तिथून गेले. मी गेले की माझं पोर मला कुठे शोधणार?"

एदिक्सोनं मुकाट्यानं तिला पाणी आणून दिलं. माझ्या त्याला शिव्या द्यायच्या राहूनच गेल्या.

शेवटी तो माऊस मिळाला तो दुकानात नाहीच. आमच्याकडे घर सोडून देशाबाहेर निघालेली माणसं ओसरीवर सगळा संसार मांडून विकतात. मिक्सर, पाळणा, लग्नातले बूट, सगळं एका चादरीवर. मागच्या गल्लीतली एक बाई कोलंबियाला निघालेली. तिच्या चादरीवर, चमच्यांच्या ढिगात, तो पडला होता. काळा, साधा, दिवेबिवे काही नाहीत. योलेइदानं वाकून हात ठेवला आणि डोळे मिटले. पोट गोलसर, अंगठ्याला खोबण, करंगळीला टेकायला जागा. अंगानं हलका. पोटात एकच पेन्सिल सेल. बटण दाबावंसं वाटलं की दाबलं जाई.

"हा," ती म्हणाली. एवढंच.

त्या बाईनंही ओळखलं, गिर्‍हाईक अडलेलं आहे. "पंखा आहे का?" म्हणाली. "जाईपर्यंत लेकरं तळमळताहेत."

मी ओरडले, "वेडी झालीस का योलेइदा? माराकाइबोत कुणी पंखा देतं? नवरा दे एक वेळ!"

दिला. घरातला एकुलता एक पंखा दिला, आणि वर जुना वायरवाला माऊसही देऊन टाकला, पुन्हा तोंड बघायला नको म्हणून. त्या दिवसापासून बाई चिंचोर्‍यात घामानं निथळत पडलेली, पोटावर फळी, आणि हात त्या माऊसवर. दुखणं कमी झालं हे खरं. पण दुखणं हेच तर तिला अधूनमधून उठवत होतं. आता तेही गेलं. माऊस जितका सुखाचा, तितकी ती आत रुतत गेली. जेवण तोंडाशी, डोळे पडद्यावर. कुणी अनोळखी बाहुला रानात दिसला की श्वास रोखून बसायची, आणि तो दोन शिव्या हासडून निघून जायचा. परदेशातल्या पोरांना आम्हा गरिबांना खेळातून हाकलण्यात मोठा पराक्रम वाटतो. मेल्यांनो, तुमच्या आया नाहीत का?

नोव्हेंबरात आमच्या चिनिता मातेचा सण. त्या वर्षी तो रविवारीच आला. सकाळी मी तिला मिरवणुकीला न्यायला गेले, तर बाई माऊस फळीवर आपटतेय.

"सेल संपला! मायगुआ, सेल संपला! एखादा सेल आण कुठून तरी!"

"आज? आज मातेच्या दिवशी कोण दुकान उघडतंय?"

"मग तुझा माऊस दे."

"नाही देणार."

"मायगुआलिदा!"

"नाही म्हटलं ना! आरशात बघ एकदा. कोपरापर्यंत हात सुजलाय. पोरगं खरंच आलं, तर आईच्या जागी काय बघेल, भूत? ऊठ. मातेकडे चल. मागायचं ते तिच्याकडे माग." माझ्या स्वयंपाकघरातल्या घड्याळात एक सेल होता, हे मी गिळून टाकलं.

तिनं मला जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. मी निर्दयी, मी वांझोटी, मला काय कळतं. मी तिचे केस विंचरले, दंडाला धरून नेली. त्या गर्दीत, ढोल वाजताहेत, फटाके उडताहेत, लोक रडताहेत, हसताहेत, आणि ही मातेच्या पालखीकडे न बघता सारखी मागे वळून घराच्या दिशेनं बघतेय. "रविवार आहे गं," एवढंच पुटपुटायची. "आज रविवार आहे."

दुपार कलल्यावर परतलो. माझ्याच्यानं राहवेना, घड्याळातला सेल काढून दिला. तिनं डाव्या हातानं तो बसवला, खेळ उघडला, नाव घातलं, परवलीची खूण घातली. पडद्यावर अक्षरं आली: हा बाहुला आधीच खेळात आहे.

पुन्हा घातलं. पुन्हा तेच.

एका बाहुल्यात एका वेळी एकच माणूस बसू शकतो. म्हणजे दुसरं कुणीतरी आत शिरलं होतं. असे बाहुले चोरीला जातात, आमच्या गल्लीत महिन्यातून एखादा तरी जातो. योलेइदाच्या घशातून जो आवाज निघाला तो मी पुन्हा ऐकू इच्छित नाही. "गेला! मी उठले आणि गेला! तूच नेलंस मला, तूच!" असं म्हणत तिनं त्या मेलेल्या हातानंच मला मारलं. लागलं काहीच नाही. तेच सहन होईना.

मी धावत घरी गेले, माझा बाहुला घेऊन रानात शिरले. ती माझ्या मागोमाग आलेली, दाराच्या चौकटीला धरून उभी. आणि खरंच, रानात ड्रॅगनच्या वाटेवर तिचा बाहुला उभा होता. मारत नव्हता, लुटत नव्हता. नुसता इकडून तिकडे दोन पावलं टाकायचा, पुन्हा उभा राहायचा.

मी टंकलं, "कोण रे तू हरामखोरा? भाड्या, गरीब बाईचं खातोस? किडे पडतील!"

मग अक्षरं आली.

"आशीर्वाद, माद्रिना."

आमच्याकडचं पोर वडीलधाऱ्या माणसासमोर आलं की 'कशी आहेस' म्हणत नाही, आधी आशीर्वाद मागतं. चोराला हे सुचत नाही. मी नुसतंच "जोआंद्री?" असं मोठ्यानं म्हटलं, आणि मागे चौकट करकरली.

"फोन वाटेतच चोरला," तो लिहीत होता. भराभर, चुका करत. "इथे एका मळ्यावर आहे. रविवारी गावात येतो, तासावर संगणक देणारं दुकान आहे. दर रविवारी आत यायचा प्रयत्न करायचो, बाहुला आधीच खेळात आहे म्हणायचं. मग मी पाच मिनिटं बसायचो तिथेच. म्हणायचो, आई बसलीय. आई जेवलीय, आईचा हात चालतोय. मग मळ्यावर परत जायचो."

आणि मग:

"आज आत घेतलं, माद्रिना. मघापासून इथे उभा आहे. कुणाला विचारायचा धीर होत नाही. आई आहे ना?"

मी मागे वळायच्या आत योलेइदानं मला खुर्चीवरून ढकललं. उजवा हात नुसता लोंबत होता. डाव्या हाताच्या एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, दोन वेळा चुकून, पुसून, तिनं लिहायला सुरुवात केली: देव तुझं भलं करो, बाळा, मी आहे.