विषय क्रमांक सातचं भाषण

आधीच सांगून ठेवते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. अमावस्येला नवी साडी नेसते आणि मांजर आडवं गेलं तर त्याला जाऊ देऊन पुढे चालू लागते. या सदरात लोक वळणावरच्या बायकांचे आणि पिंपळाखालच्या म्हाताऱ्यांचे किस्से लिहितात ना... ते वाचून मी हसलेय, खोटं कशाला बोलू. माझ्या अनुभवात यातलं काहीच नाही. भर दुपार होती, पंखे चालू होते, चहा-बिस्किटं फिरत होती आणि समोर तीस-पस्तीस माणसं बसली होती.

मी लघुलेखिका, म्हणजे स्टेनो. राहते डोंबिवली पूर्वेला. कल्याणच्या पट्ट्यातल्या एका छोट्या नगरपालिकेत एकतीस वर्षं नोकरी केली. पालिकेचं नाव देत नाही, पेन्शन अजून तिथूनच येते! हे घडलं तेव्हा निवृत्तीला चौदा महिने बाकी होते.

आमचं सभागृह दुसऱ्या मजल्यावर, खाली भाजी मंडई. महिन्यातून एकदा सर्वसाधारण सभा. अर्धगोलात नगरसेवक, मधोमध उंचावर नगराध्यक्ष, त्यांच्या शेजारी मुख्याधिकारी आणि खाली कोपऱ्यातल्या छोट्या टेबलाशी मी. जे बोललं जाईल ते लघुलिपीत उतरवायचं, नंतर टाइप करून इतिवृत्त तयार करायचं. लघुलिपी आवाजावर चालते. माणूस काय म्हणाला याचा विचार करत बसलं की हात मागे पडतो, म्हणून आम्ही विचार करतच नाही. कान ते हात, बस्स. त्या दिवशी कोण काय बोललं हे मला संध्याकाळी विचारलंत तर सांगता यायचं नाही, वही उघडावी लागेल.

त्या सभेत विषय क्रमांक सात होता, गावठाणाजवळच्या अंगणवाडीची रंगरंगोटी. पालिकेचीच जुनी खोली, मागे दगडी संरक्षक भिंत. अगदी किरकोळ विषय. असल्या विषयांवर कोणी बोलत नाही, नगराध्यक्ष म्हणतात “मंजूर” आणि पुढचा विषय.

चार दिवसांनी टाइप करायला बसले तर सातव्या विषयाखाली माझ्याच अक्षरात पाऊण पान भाषण. त्या खोलीत मुलांना बसवू नका, आधी ती भिंत तपासा, मुलांना दुसरीकडे न्या... असं सगळं. भाषणाच्या आधी बोलणाऱ्याचं नाव लिहायचं असतं, ते मात्र राहून गेलेलं. असं होतं कधीकधी. बोलणारी बाई होती हे क्रियापदांवरून कळत होतं, आणि त्या वॉर्डाच्या नगरसेविका वंदनाताई म्हात्रे, म्हणून मी त्यांचं नाव टाकलं. कोणाला विचारलं नाही. एकतीस वर्षांत असं शंभरदा केलं असेल.

आणखी एक केलं. इतिवृत्तात आम्ही घरगुती बोलणं घेत नाही. कोणी म्हणालं, आमच्या आजोबांच्या वेळी इथे असं होतं, तर ते गाळायचं. बोली असेल तर प्रमाण भाषेत आणायची. या भाषणातल्याही तसल्या दोन ओळी मी सरळ गाळल्या. उरलेलं नीट करून टाइप केलं. खाली नगराध्यक्षांचं “मंजूर” होतंच. ते रंगासाठी होतं, पण कागदावर भाषणाच्या खाली आलं, आणि रंगरंगोटीच्या ठरावाला भिंत तपासण्याचं आणि तोवर मुलं हलवण्याचं शेपूट लागलं.

तुम्ही म्हणाल, कोणीच वाचलं नाही का? नाही ना! पुढच्या सभेचा पहिला विषय असतो, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचतं कोण? कोणीतरी हात वर करून म्हणतं, “वाचले असे समजण्यात यावे,” दुसरा अनुमोदन देतो आणि कायम. त्या दिवशी ‘वाचले असे समजण्यात यावे’ म्हणणाऱ्या होत्या खुद्द वंदनाताई.

कायम झालं की उतारे खात्यांकडे जातात. बांधकाम खात्याने अंगणवाडीला कुलूप लावलं आणि मुलांची सोय केली मोठ्या रस्त्यापलीकडच्या समाजमंदिरात. तीन-चार वर्षांची पोरं, ट्रकच्या रस्त्यातून न्यायची-आणायची. पोरांच्या आया चिडल्या आणि गेल्या वंदनाताईंच्या दारात. तिथून वंदनाताई आल्या माझ्या टेबलाशी.

ही बाई एरवी कोणाला उलट बोलणारी नाही. पण त्या दिवशी इतिवृत्ताची प्रत माझ्यासमोर आपटली. म्हणाल्या, सातव्या विषयाला मी तोंडसुद्धा उघडलं नाही, तुम्ही माझ्या नावावर हे काय घातलंत? मी म्हटलं, मॅडम, मी पदरचं लिहीत नाही. दुसऱ्या कोणी बोललं असेल, नाव चुकलं असेल, शोधते.

शोधलं. सभागृहात स्त्री सदस्या अकरा. अकराही जणींना विचारलं, सगळ्यांचं उत्तर नाही. मग ध्वनिमुद्रण काढलं. सातवा विषय पुकारल्याचा आवाज आहे. “मंजूर” आहे. मधे जवळजवळ दीड मिनिट पंख्याची घरघर आणि एक खुर्ची सरकल्याचा आवाज. बाकी काही नाही. तीस-पस्तीस माणसं दीड मिनिट गप्प का बसली होती, हे कोणालाच सांगता येईना. सगळे म्हणाले, चहा चालू असेल.

मी ती वही घरी घेऊन बसले. अक्षर माझंच. पेन तेच, ओळी कुठे अडखळलेल्या नाहीत. सरळ ऐकून लिहिलेलं दिसत होतं. आठवायला गेलं की काहीच आठवेना. मला डुलकी लागली होती का? डुलकीत कोणी पाऊण पान लघुलिपी लिहितं का? वय झालं म्हणून डोक्यात काही बिघाड झाला का, अशीही भीती वाटली. तेव्हा तर फार वाटली. मुलाला सांगितलं नाही, तो लगेच डॉक्टर गाठायचा.

इकडे भिंतीचा अहवाल आला. अभियंत्यांनी भिंत तपासली, दगड ठोकून बघितले. भिंत ठणठणीत. मुख्याधिकाऱ्यांनी मला कारणे दाखवा नोटीस दिली आणि केबिनमध्ये बोलावून सभ्यपणे सांगितलं की नजरचुकीने मजकूर पडला असं दोन ओळींत लिहून द्या, आम्ही दुरुस्ती करतो, सोमवारपासून मुलं परत त्या खोलीत. नाही लिहिलंत तर खोटं इतिवृत्त केल्याची चौकशी लागेल आणि मग चौदा महिन्यांत तुमचे पेन्शनचे कागद काही सुटणार नाहीत.

सरळ होतं सगळं. लिहून द्यायचं आणि मोकळं व्हायचं. मी कागद घेतला, “नजरचुकीने” एवढं लिहिलं आणि हात थांबला. नजरचूक झालीच नव्हती. ते माझ्या कानाने ऐकलेलं होतं, एवढीच एक गोष्ट मला खात्रीने वाटत होती, आणि त्या खोलीत सोमवारी बावीस पोरं बसणार होती.

शुक्रवारी दुपारी वंदनाताई आल्या, मी लिहून दिलं का बघायला. मी म्हटलं, आज देते. मग काय मनात आलं कोण जाणे, म्हटलं, ताई, एकदा मूळ ऐकून तरी घ्या. वही उघडली आणि आवाज जसेच्या तसे वाचायला लागले. टाइप करताना सगळं शुद्ध केलं होतं, आता तसं केलं नाही. गाळलेल्या ओळींशी आले.

“त्या भितीखाली आमची बाव हाय. पंचवीस वरसां मी तिथशी पानी भरलाय. वरशी नुसती फरशी टाकलीय, पोरांना तिथ बशवू नका.”

भित म्हणजे भिंत, बाव म्हणजे विहीर, एवढं मला इतक्या वर्षांत कळतं. मी मान वर केली तर वंदनाताईंचा चेहरा उतरलेला. खुर्ची ओढून बसल्या. परत वाचा म्हणाल्या. मी परत वाचलं.

“ह्या आमच्या सासूबाई आहेत,” त्या म्हणाल्या. “असंच बोलतात. वरशी, तिथशी... मॅडम, त्या तीन वर्षांत घराबाहेर पडलेल्या नाहीत. खुब्याचं हाड मोडल्यापासून पहिल्या मजल्यावरच्या पलंगावर आहेत.”

त्यांच्या सासूबाईंना मी कधी पाहिलेलं नव्हतं. आवाजही ऐकलेला नव्हता. मी वही मिटली. त्या म्हणाल्या, “आज काही लिहून देऊ नका.”

त्या तिथून सरळ मुख्याधिकाऱ्यांकडे गेल्या. आत काय झालं ते मी दारातून ऐकलं. म्हणाल्या, भाषण माझंच आहे, मी विसरले होते, आणि स्टेनोबाईंनी त्यातल्या दोन ओळी गाळल्यात, त्या घ्या. खोटं बोलल्या, माझ्यासाठी आणि त्या पोरांसाठी. साहेब वैतागले असणार, पण नगरसेविका स्वतः म्हणते आहे म्हटल्यावर काय करतील? सोमवारचं उघडणं थांबलं. गुरुवारी बांधकाम खात्याची दोन माणसं पहारी घेऊन खोलीत गेली. आम्ही दोघीही गेलो.

भिंतीला लागून मुलांच्या सतरंज्या घालायच्या त्या जागची फरशी त्यांनी उचलली. खाली हातभर भराव. तो बाजूला केला तर कुजलेल्या फळ्या आणि त्याखाली पोकळी. एकाने आत दगड टाकला. पाण्याचा आवाज यायला थोडा वेळ लागला. पहार धरलेला माणूस मागे सरकला आणि भिंतीला टेकून खाली बसला. वंदनाताई रडायला लागल्या. गेल्या वर्षी त्याच जागी बालदिनाला पोरं नाचली होती, तिथल्या सेविकेने मला सांगितलं.

भिंत खरंच ठणठणीत होती. अभियंत्यांचं काही चुकलं नव्हतं. खाली बघायला सांगणाऱ्या ओळीच मी गाळल्या होत्या. रीतीप्रमाणे.

नोटीस फाइलला लागली, चौकशी झाली नाही. पण माझं समाधान होईना. पंधरा दिवसांनी वंदनाताईंना म्हटलं, मला एकदा सासूबाईंना भेटायचंय. त्या म्हणाल्या, मी त्यांना विहिरीचं विचारलं, हो म्हणाल्या, बाकी काही बोलल्या नाहीत. तुम्ही या.

गावठाणातल्या नव्या इमारतीत पहिला मजला. जिना इतका अरुंद की पलंगावरच्या माणसाला खाली न्यायचं तर चार जण लागतील. म्हातारी खिडकीशी पडून होती. चेहरा सुरकुत्यांनी भरलेला, डोळे मात्र लख्ख. मी काय विचारणार होते ते मलाच माहीत नव्हतं. नमस्कार केला. वंदनाताई ओळख करून देणार तेवढ्यात म्हातारीनेच माझ्याकडे निरखून पाहिलं.

“तूच ना गो, लिवत व्हतीस ती?” ती म्हणाली. “मी तुझे टेबलाशी उभी राहून एवरी बोलली. तू एकदा पन मान वर केली नाय.”

आम्ही स्टेनो मान वर करत नाही हे खरं आहे. मान वर केली की ओळ सुटते. पण हे तिला कोणी सांगितलं? सुनेने नाही, मी वंदनाताईंना तिथल्या तिथे विचारलं. आणि माझं टेबल... सभागृहात माझं वेगळं टेबल आहे हे तरी तिला कसं माहीत? मी काहीतरी विचारायला गेले, पण तोवर तिने डोळे मिटून घेतले होते. वंदनाताईंनी चहा केला, तो घेऊन मी निघाले.

त्यानंतर तेरा महिने मी सभांना बसले. आता कोणी बोलायला लागलं की आधी मान वर करून बघायचे, मगच लिहायचे. ओळी सुटायच्या, साहेब चिडायचे, हात मंद झाला म्हणायचे. चिडू देत. त्या दिवशी माझ्या टेबलाशी कोण उभं होतं, हे मला अजूनही माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा, मी वाचेन... पण पटेल असं वाटत नाही.