टाकीखालची गोणी

इंजिनाची जुनी डिझेलची टाकी उचलली, पण तिचा तळ वर आलाच नाही. तो होडीच्या फळ्यांवरच राहिला, खालच्या गोणपाटाला चिकटून. मी अंगठ्याने दाबून पाहिलं, तर पत्रा भाजल्या पापडासारखा मोडला. माझा मोठा भाऊ काठावर उभा होता. तो होडीत उतरला नाही, आणि खाली काय निघालं तेही त्याने विचारलं नाही.

पेणच्या खाडीकडे आमचं गाव, मिठागरात राबणाऱ्यांचं. मी शिकून रोह्याला कंपनीत फिटर झालो, दादा बाबांबरोबर राहिला. आगरातून धक्क्यापर्यंत मिठाच्या गोणी न्यायच्या आणि अडीनडीला माणसं, एवढंच आमच्या होडीचं काम. बाबा थकल्यावर होडी दादाच चालवायचा.

गेल्या पावसाळ्यात उधाणाने खारबांध फुटला आणि गावाचा रस्ता पाण्याखाली गेला. त्याच सकाळी बाबांच्या छातीत कळ आली. पेणला न्यायला होडीशिवाय वाट नव्हती. दादाने बाबांना होडीत निजवलं, आई उशाशी बसली. खाडीच्या मध्यावर इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. तोवर ओहोटी लागली होती. दादा बांबूने होडी रेटत राहिला आणि पाणी तिला उलट ओढत राहिलं. शेवटी दुसऱ्या एका होडीवाल्याने दोर टाकून त्यांना धक्क्याला आणलं. मी शिफ्ट टाकून रोह्याहून पेणच्या दवाखान्यात पोहोचलो तेव्हा बाबा गेले होते आणि दादा बाहेर पायरीवर ओल्या कपड्यांनी बसला होता.

जो येईल तो त्याला सांगायचा, बाबांची वेळ भरली होती, तू काय करणार. दादा मान हलवायचा. तो रडला नाही, दिवसकार्यातही नाही. होडी काठावर ओढून ठेवली आणि पुन्हा तिला हात लावला नाही. दिवाळीनंतर वहिनीचा फोन आला. "भावोजी, यांचं काय करू? खाडीकडं बघत पन नाय. जेवतात, झोपतात, भिंतीकडं तोंड करून बसतात. ती होडी एक तर चालू करा, नायतर मोडून टाका." तिचा आवाज ऐकून मला धडकी भरली. बाबा गेले ते गेले, आता दादाही हातचा जातोय असं वाटलं.

म्हणून मी सुट्टी काढून आलो होतो आणि टाकी उचलली होती. खालचं गोणपाट मिठाच्या गोणीचं होतं. आमच्याकडे गोणी कशाला वापरत नाहीत? दाराशी पायपुसणं गोणीचं, पावसात डोक्यावर खोळ गोणीची, म्हशीच्या पाठीवर गोणी. तशीच इंजिनाच्या हादऱ्याने टाकी खडखडू नये म्हणून तिच्याखाली घडी करून गोणी. पण जिच्यात जन्मभर मीठ भरलं ती गोणी कोरडी कशी राहणार? मीठ हवेतली ओल ओढून घेतं. उन्हाळ्यातसुद्धा ती गोणी दमट असणार, आणि तिच्यावर लोखंडी टाकी चोवीस तास बसलेली. वर झाकण सपाट, त्यावर पाणी साचायचं आणि बुचातून आत झिरपायचं. आत गेलेलं पाणी डिझेलच्या खाली बसतं. ते काढायला तळाला कॉक, म्हणजे छोटी तोटी, नव्हता. आतून पाणी, बाहेरून मीठ, मधे बिचारा पत्रा. उधाणात होडी हलली तसा गंज-पाण्याचा तो सगळा गाळ ढवळून इंजिनात गेला.

आणि दर नारळी पौर्णिमेच्या आधी या टाकीला रंग लागायचा! ब्रश पोहोचेल तिथवर, चकचकीत निळा. वरून कीर्तन, आतून तमाशा. मला इतका संताप आला की ते गोणपाट मी हिसडून काठावर फेकलं. ते दादाच्या पायाशी पडलं.

दादा त्याच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता सांगावं. ही गोणी बाबांनी घातली होती, होडी घेतली तेव्हा. मी लहान होतो, पण मला आठवत होतं. म्हणजे दोष तुझा नाही, एवढं तरी त्याला कळेल. मी तसं बोललो.

"गोनी बाबांनी टाकलेली, मना ठाव हाय," दादा म्हणाला. "पन ती मीच बदलाची व्हती."

एवढं बोलून तो घरी गेला.

नवी टाकी मी रोह्याला ओळखीच्या वर्कशॉपमध्ये करून घेतली. झाकणाला उतार दिला, बुचाची मान उंच केली, आणि खालच्या एका कोपऱ्यात छोटा खळगा करून त्याला कॉक बसवला. वेल्डरला माझ्या सूचना जास्त वाटल्या. "टाकी हाय का देवघर?" असं तो म्हणाला. मी हसलो नाही. टेम्पोत घालून कोलाडवरून हायवेला लागलो. खांब गेलं, नागोठणं गेलं, टाकी मागे खडखडतच होती. गडबला चहाला थांबलो तेव्हा टेम्पोवाला म्हणाला, "आवाज लय येतो. खाली गोणी टाकू का?" मी त्याच्यावर असा खेकसलो की बिचारा पेणपर्यंत तोंडातून अक्षर काढेना. त्याला काय माहीत!

बसवायच्या दिवशी दादा आला, आणि वहिनीने मागून ढकलल्यासारखा होडीत उतरला. टाकी धरायला दुसरा माणूस हवाच होता. फळ्यांच्या वर आधी दोन लाकडी ओंडके आडवे ठोकले, होडीच्या तळातलं पाणी टाकीला लागू नये इतके उंच. एक किंचित ठेंगणा ठेवला, कॉकच्या बाजूचा, म्हणजे पाणी तिकडे उतरेल. ओंडक्यांवर बसणाऱ्या जागी टाकीला नायलॉनच्या पट्ट्या चिकटवल्या, मधे केस शिरेल एवढीही फट न ठेवता. टाकी आवळून धरणाऱ्या पट्ट्यांखालीही तेच.

"रबर का नाय?" दादाने विचारलं. कितीतरी महिन्यांनी त्याने मला काही विचारलं होतं.

"रबराखाली पाणी अडतं. नायलॉन पाणी पीत नाही."

"आनी ह्या रिकाम्या जागंत काय भरायचं?"

"काही नाही. वारा खेळू दे."

त्याने टाकीच्या खालून हात घातला. तो दुसऱ्या बाजूने बाहेर आला. कुठेच अडला नाही. त्याने पुन्हा घातला. मग टाकीत डिझेल भरलं आणि मी त्याला कॉकखाली काचेची बाटली धरायला शिकवली. आधी थोडं काढायचं, खाली पाणी दिसतं का बघायचं, मग इंजिन. त्याने बाटली उजेडाकडे धरली. डिझेल स्वच्छ होतं.

भरती आल्यावर होडी पाण्यात ढकलली आणि दादाने इंजिन चालू केलं. मी न विचारता चढून बसलो. वहिनी काठावर पदर तोंडाशी धरून उभी होती. इंजिन एकसारखं चालत होतं. खाडीच्या मध्यावर पोहोचलो आणि दादाने आपल्या हाताने ते बंद केलं.

एकदम सगळं शांत झालं. हीच ती जागा असणार, हे मी ओळखलं.

"इंजिन बंद नसता परला," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तर बाबा वाचलं असतं का र? सगली नाय म्हनतात. तू सांग."

नाही म्हणणं किती सोपं होतं. आईने तेच सांगितलं होतं, भटजींनी, शेजाऱ्यांनी, मीही दवाखान्याच्या पायरीवर तेच सांगितलं होतं. माझा एकुलता एक भाऊ. त्याला घरी परत आणायचं म्हणून तर मी हे सगळं केलं होतं. पण तो ऐकायला बसला होता, आणि त्याला पुन्हा तेच सांगायला माझी जीभ वळेना.

"वाचलेही असते, दादा," मी म्हणालो.

"व्हय," तो म्हणाला.

मग त्याने सुकाणू माझ्या हातात दिलं, खाली फळीवर बसला, आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा रडला, मोठ्याने, लहान पोरासारखा. मला होडी चालवता येत नाही. मी नुसतं सुकाणू धरून बसलो. इंजिन चालू करायची घाई आम्हा दोघांनाही नव्हती.