खळ लावलेलं रेशीम

समोरच्याचं कापड दिसलं की काकांचा हात आपोआप पुढे जायचा. अंगठा आणि बोट यांच्यात शर्टाची कड धरायची, हलकेच चोळायची आणि निकाल द्यायचा, "सूत चांगलं हाय." तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, ज्याला कापडाला हात लावल्याशिवाय माणूस कळत नाही. रायपूरच्या बूढापाऱ्यात त्यांची माझी ओळख माझ्या कॉलरवरूनच झाली. मी पुण्याहून नव्या राजधानीत नोकरीला आलेला. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे नागपूरच्या विणकरांच्या घरातले.

त्यांच्या वरच्या मजल्यावर भोपाळहून बदलून आलेलं एक अधिकारी जोडपं भाड्याने राहायचं. त्यांच्याकडे मांजराएवढं कुत्रं होतं. पाठीवर पोलादी निळसर केस, तोंड आणि पाय तांबूस, पाठीच्या मधोमध भांग आणि केस दोन्हीकडून थेट जमिनीपर्यंत. डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून लाल फितीची शेंडी. काका नाक मुरडायचे. बाईसाहेबांचं खेळणं, म्हणायचे.

मग त्या जोडप्यातल्या दीदींनी एकदा काकांना या जातीची कुळकथा सांगितली. इंग्लंडच्या उत्तरेला कापडगिरण्या निघाल्या तेव्हा स्कॉटलंडचे विणकर पोटासाठी तिकडे गेले आणि आपली छोटी कुत्रीही घेऊन गेले. गिरणीतले उंदीर मारणं हे त्यांचं काम. त्यांच्यातूनच ही जात निघाली. पिल्लं जन्मतात काळी, निळाई मागून येते. एवढे तलम केस मागावरच विणले असणार, अशी तिथे थट्टा चालायची म्हणे.

काका धापा टाकत माझ्याकडे आले. "अरे, हे तं आपल्या धंद्यातलं कुत्रं हाय. माहा बाप बी असाच माग सोडून गिरणीत गेला होता." त्यांचे डोळे चमकत होते. मला हसू येत होतं आणि भरूनही येत होतं.

पुढे त्या जोडप्याची बदली झाली आणि कुत्री काकांकडेच राहिली. तिचं नाव पडलं रेशमी. रोज सकाळी काका तिची बट चिमटीत चोळून तिलाही तोच निकाल द्यायचे. काका भेटेल त्याला गिरणीची गोष्ट सांगत आणि सगळा पारा, म्हणजे आमची आळी, त्यांना हसे. सदर बाजारातला त्यांचा सोनार मित्र तर रोज विचारायचा, काका, उंदीर कधी पकडणार? काका वरवर हसत, पण ते त्यांना लागायचं. रेशमी खेळणं नाही, कामकऱ्याची पोर आहे, हे त्यांना एकदा सगळ्यांना दाखवायचं होतं.

तेवढ्यात शहरात कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं. अख्खा पारा लोटला. आणि काकांनी त्या सकाळी जे केलं ते विणकराचा मुलगाच करू जाणे. ताण्याच्या सुताला ताठपणा यावा म्हणून त्यांच्या घरी भाताची खळ लावत. तीच त्यांनी रेशमीला लावली. वरून एक हात द्यायला उरलेली खळ डब्यात घेतली. रायपूरच्या उन्हात रेशमी पापडासारखी वाळली. चालली की केस वाजायचे.

परीक्षकांनी केसांना हात लावला आणि तो झटकन मागे घेतला. "भैया, ये क्या लगाया है?"

"चावल का मांड, साब," काका अभिमानाने म्हणाले.

रेशमी रिंगणाबाहेर. काका मान खाली घालून खुर्चीवर बसले. सोनार जवळ आला आणि शेजारची खुर्ची ओढून बसला. इतक्यात खुर्चीखालच्या डब्याच्या वासाने मंडपाच्या कडेचा एक उंदीर आला. मांडवात किंकाळ्या उठल्या, मोठमोठी कुत्री नुसती भुंकत राहिली. आमची ताठलेली रेशमी मात्र एकदाच झेपावली, उंदराची मान झटकली आणि तो काकांच्या पायाशी आणून ठेवला.

काका खुर्चीवर उभे राहिले. "पाह्यलं? गिरणीतलं रगत हाय," ते ओरडले, आणि सोनाराने टाळ्या सुरू केल्या. मीही वेड्यासारखा ओरडत होतो. माणूस इतका आनंदी झालेला मी तरी पाहिला नव्हता.

मागच्या थंडीत काका गेले. भेटायला गेलो तर काकूंनी दार उघडलं. रेशमी आली, वास घेतला नाही, शेपटी हलवली नाही. माझ्या लोंबत्या हाताखाली आडवी उभी राहिली. मी तिची एक बट चिमटीत धरून चोळली. ती हलेना.

"सांगून टाक बापा," काकू म्हणाल्या. "ऐकल्याबिगर रेशमी जात नाही."

मी म्हणालो, "सूत चांगलं हाय."

मग ती आत गेली.