भोंगा आत्या आणि सात नंबरचं पिल्लू

आमची आत्या तीस वर्षं बसस्थानकाच्या काचेच्या खोलीत बसून कोणती गाडी कुठे लागली ते माइकवरून सांगत होती. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे” हे वाक्य तिच्यात इतकं मुरलं होतं, की पानं वाढल्यावर घरच्यांनाही ती तसंच बोलवायची. गल्लीत तिला भोंगा म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं. निवृत्तीनंतर तो सगळा आवाज घरी आला. पहिल्याच महिन्यात माझ्या वडिलांनी, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाने, कानात कापूस घालायला सुरुवात केली.

म्हणूनच गावाबाहेरच्या पाणथळीतल्या पक्षी केंद्राने “पिल्लं वाढवायला शिकवू, वयाची अट नाही” अशी जाहिरात दिली, तेव्हा तिचा अर्ज वडिलांनी स्वतः भरला. जाहिरातीची शेवटची ओळ मात्र त्यांनी तिला वाचून दाखवली नाही. कामाच्या वेळी संपूर्ण मौन, अशी ती ओळ होती.

केंद्रात क्रौंच वाढवत. उंच पायांचा, डोक्यावर लाल ठिपका असलेला हा पक्षी एकेकाळी त्या पाण्यावर थव्याथव्याने उतरायचा. आता सगळे मिळून शंभरही उरले नव्हते. अंडं दिव्यासमोर धरून आतला जीव हलतो का बघणं, पिल्लाचं रोज वजन करणं, हे आत्या आठवडाभरात शिकली. खरी अडचण पुढे होती. पिल्लू डोळ्यांसमोर जो वावरतो त्यालाच आई मानतं. माणसाला आई मानलं की ते जन्मभर माणसांमागे धावणार, आणि असल्या पाखराला रानात सोडता येत नाही, ते पिंजऱ्यातच म्हातारं होतं. म्हणून अंगात पांढरा झगा, तोंडावर जाळी आणि हातात क्रौंचाच्या मुंडक्यासारखा मोजा. त्या खोट्या चोचीने अळी उचलून पिल्लापुढे धरायची आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही.

“खोकला आला तरी बाहेर जाऊन,” शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. त्या माझ्याच वयाच्या, पण धाक हेडमास्तरांचा.

आत्याने मान हलवली. पंधरा दिवसांत ती घरीही मान हलवूनच बोलू लागली. वडिलांनी कापूस काढला, दोन दिवस पेपर निवांत वाचला आणि तिसऱ्या दिवशी मला हळूच विचारलं, “हिला बरं नाही का गं?”

मग सात नंबर आलं. आत्याच्या वाट्याचं हे पिल्लू तीन दिवस चोच उघडेना. संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर हातचं जाणार, असं सांगून बाई नळीने भरवायचं सामान आणायला गेल्या. आत्या एकटी उरली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण इथे मरत होतं ते पिल्लू. आत्या वाकली आणि जाळीआडून पुटपुटली, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सात नंबर, जेवायची गाडी लागलेली आहे.”

पिल्लाने मान वर केली आणि अळी गिळली. पुढे रोज प्रत्येक घासाला हीच घोषणा झाली. वजन वाढत गेलं. “तुमच्या हाताला गुण आहे,” बाई म्हणाल्या. आत्या अर्थातच गप्प राहिली.

दोन महिन्यांनी कुंपणाबाहेर खाद्याच्या गाडीचा ड्रायव्हर कुणाला तरी हाक मारत होता. बाकीची पिल्लं गवतात दडली. सात नंबर कुंपणाकडे धावत गेलं. आत्याने त्याच संध्याकाळी बाईंना सगळं सांगून टाकलं.

बाई चिडल्या नाहीत, ते जास्त वाईट. “महिन्याभराने सोडायचंय. हे असंच राहिलं तर पिंजरा. त्याला माणसाच्या आवाजाची भीती बसायला हवी, आणि ती तुमच्याच आवाजाने.”

“म्हणजे मी ओरडायचं?”

“झगा न घालता. डबा बडवत. तेच वाक्य.”

दुसरा डबा बडवायला मला नेलं. आत्या रोजच्या कपड्यांत आत शिरली. “प्रवाशांनी कृपया...” एवढं ऐकताच सात नंबर पंख पसरून तिच्याकडे पळत आलं. तिला पुढचं बोलवेना.

“पुढे,” भिंतीआडून बाई म्हणाल्या.

मग तीस वर्षांचा आवाज निघाला. डबा बडवत, तेच वाक्य गळा फाटेस्तोवर ओरडत आत्या त्याच्या अंगावर धावून गेली. पिल्लू चार पावलं मागे सरलं, थबकलं आणि पुन्हा तिच्याचकडे आलं. मला माझा डबा वाजवायची लाज वाटली. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी पहिल्याच शब्दाला ते गवतात दिसेनासं झालं. बाईंनी कागदावर बरोबरची खूण केली. आत्या डबा मांडीवर घेऊन तिथेच बसली आणि रडली, तीही तोंडात पदर कोंबून, आवाज न करता.

सात नंबर सगळ्यांबरोबर सुटलं. केंद्राने आत्याला प्रमाणपत्र दिलं, त्यात लिहिलं होतं, ‘मौनपालन: उत्तम’. वडिलांनी ते भिंतीवर लावलं आणि आता जेवताना काहीतरी बोलत जा, अशी तिला गळ घातली.

वर्षाने थवा पुन्हा पाण्यावर आला. आम्ही दोघी लांब बांधावर उभ्या होतो. आत्याने तोंडाभोवती हात धरले आणि आपलं वाक्य म्हटलं. बाकीचे पक्षी नुसते माना वर करून बघत राहिले. एकच घाबरून उडाला आणि पार पलीकडच्या काठाला गेला.

“बघ,” आत्या म्हणाली, “ओळखलं मला.”