चकाचकचा फिल्टर

आमच्या दूध डेअरीत टाक्या धुणारा एक माणूस होता. त्याला सगळे चकाचक म्हणायचे. एकतीस वर्षं त्यानं दुधाच्या टाक्या आणि पाइप आतून धुतले. गरम पाणी, सोडा, ब्रश, परत गरम पाणी. टाकीच्या आत बुळबुळीत थर राहिला की दुसऱ्या दिवशीचं दूध नासतं. त्याच्या पाळीत एकदाही नासलं नाही. मी तिथला फिटर, पंपांची कामं करायचो. त्यानं धुतलेला पंप उघडला की माझे हात काळे होत नसत.

तो निवृत्त झाला आणि तिसऱ्या वर्षी वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. घास पुढे केला की ओठ घट्ट मिटायच्या. लेकीनं काचेची ऐंशी लिटरची टाकी आणून पलंगासमोर ठेवली, त्यात एक झुडूप लावून सहा सोनेरी मासे सोडले आणि ती आपल्या गावी गेली. वहिनी कूस बदलून माशांकडे बघायला लागल्या. बघता बघता चार घास पोटात जायला लागले.

तिसऱ्या आठवड्यात एक मासा उलटा तरंगला. त्या दिवशी वहिनी जेवल्या नाहीत.

चकाचकनं ठरवलं, टाकीबरोबर आलेला फिल्टर फुसका आहे. तो माशांच्या दुकानात गेला. दुकानदारानं सांगितलं, टाकीतलं सगळं पाणी तासाला चार-पाच वेळा फिल्टरमधून फिरलं पाहिजे, त्याहून जोर नको, मासे लोटले जातात. दोन फिल्टर पुढे ठेवले. चकाचकनं काचेच्या कडेला अडकवायचा घेतला, कारण त्याचा प्रत्येक भाग सुटा करून धुता येत होता.

दहा दिवसांत आणखी दोन गेले. मग त्यानं मला बोलावलं.

"फिटर, पंप बघ. ढकलत नाही तो."

मी धारेखाली दोन लिटरचं माप धरलं. वीस सेकंदांत भरलं. म्हणजे तासाला तीनशे साठ लिटर, साडेचार फेरे.

"पंप ठणठणीत आहे. दुसरं काहीतरी आहे."

"दुसरं काय असणार? मी रोज दोनदा धुतो. उकळत्या पाण्यात बुडवतो, मग नळाखाली चोळतो." त्यानं आतला स्पंज माझ्यापुढे धरला. दुकानातून आत्ता आणल्यासारखा कोरा. "सकाळी धुतला की दुपारपर्यंत परत मळतो. मेला ऐकतच नाही."

"तुझ्यापुढे हात टेकले असतील त्यानं," मी म्हणालो.

तो हसला नाही. टाकीत तीन मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. पलंगावरून वहिनी तिकडेच बघत होत्या. त्याच रात्री एक गेला. त्यानं तो सकाळी त्यांच्या नकळत काढला आणि "झुडपामागे झोपलाय" असं सांगितलं. वहिनींनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

आम्ही बाटलीत टाकीतलं पाणी घेऊन दुकानात गेलो. दुकानदारानं थोडं पाणी काचेच्या नळीत ओतून औषधाचे थेंब टाकले. "पिवळं राहिलं तर ठीक." नळी गडद हिरवी झाली.

"काका, फिल्टर धुता कसा?"

चकाचकनं सगळं सांगितलं. सांगताना मान ताठ होती. दुकानदारानं कपाळावर हात मारला.

"तुम्ही घाण काढत नव्हता हो. माशांच्या विष्ठेचं पाण्यात विष होतं. स्पंजवरचा तो बुळबुळीत थर जिवंत असतो, तो ते विष खातो. तो जमायला महिना-दीड महिना लागतो. तुम्ही दिवसातून दोनदा मारत होता."

"मग धुवायचा केव्हा?"

"पाण्याची धार मंदावली की. तेही टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात एकदा पिळायचा, बस. नळाच्या पाण्यातलं औषधही त्याला मारतं."

त्यानं आपल्या जुन्या टाकीतला एक तपकिरी स्पंज पिशवीत पाण्यासकट बांधून दिला. हा आत घाला, हात लावू नका, रोज चौथा हिस्सा पाणी बदला, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. रस्ताभर चकाचकनं ती पिशवी अंगापासून लांब धरली होती. माझ्यासमोर त्यानं स्पंज आत बसवला आणि हात तीनदा धुतले.

दोन दिवस मी जाऊन बसलो. तिसऱ्या दिवशी माझे गुडघे धरले, मी गेलो नाही. चौथ्या दिवशी गेलो तर टाकीत एकच मासा होता आणि चकाचक न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसला होता.

"पाणी पांढरं झालं रे," तो म्हणाला. "दुधासारखं गढूळ. मला बघवेना. स्पंज नुसता विसळला."

"कशात?"

"नळाखाली." मग थोड्या वेळानं, "आणि थोडा चोळला."

मला शिवी आली होती तोंडात. गिळली. त्याचे हात बघितले. एकतीस वर्षं सोड्यात घातलेले, नखं झिजलेली. ह्या हातांना थांबायला कोणी शिकवलंच नव्हतं.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, उरलेला मासा माझ्याकडे आणा. रिकामी टाकी चालू ठेवा. रोज चिमूटभर खाणं टाका, ते कुजू द्या, त्यावर थर वाढेल. पाणी पिवळं दाखवायला लागलं की मासा परत न्या.

"मासा नेला तर ती काय बघणार?" चकाचक मला विचारत होता. "आणि ठेवला तर उद्यापर्यंत राहणार नाही. सांग ना, फिटर. तूच सांग तिला."

"मी नाही सांगणार. तुझी बायको आहे."

तो पलंगापाशी गेला. वहिनी भिंतीकडे वळलेल्या होत्या. तो त्यांच्या पाठीशीच बोलला.

"अगं, झोपलेला नव्हता तो. मेलेत पाच. माझ्याच हातानं मेले. मी धूत राहिलो ना, त्यानं. हा एक नेतोय, जगवायला. महिनाभर टाकी रिकामी राहील."

मग वहिनींनी डाव्या हातानं गादी धरून अंग ओढलं आणि त्या वळल्या. त्यांनी टाकीकडे बघितलं नाही, त्याच्याकडे बघितलं. रागानं असेल. मला नीट कळलं नाही. पण त्यानं घास पुढे केला तेव्हा ओठ मिटलेलेच राहिले.

मासा आम्ही दुकानात पोचवला. परत आल्यावर त्यानं टाकीत चिमूटभर खाणं टाकलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला.

शनिवारी आम्ही पाणी तपासायला नेलं. दुकानदारानं नळी उजेडात धरली. हिरवी.

"अजून नाही, काका."

चकाचकनं रिकामी बाटली खिशात घातली आणि आम्ही घरी निघालो. वहिनींच्या जेवणाची वेळ झाली होती.